विकर, विकार आणि आपली वाक्ये

(पेडणे व डिचोली तालुक्यांतील शिक्षक, लेखक आणि विद्यार्थी यांच्यासमोर डिचोली येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



मराठीच्या प्राध्यापकाने पेशीतल्या विकरांवर बोलावे, हे निमंत्रणपत्रिकेत वाचून काहींना नवल वाटले असेल. विकर म्हणजे एन्झाइम. त्यातही आजचा विषय एका विशिष्ट गटाचा आहे. ऑक्सिडीकरण आणि क्षपण घडवून आणणारी विकरे, त्यांचे शरीरातले काम, आणि ते काम बिघडले की होणारे आजार. माझी डॉक्टरेट साहित्यातली आहे आणि प्रयोगशाळेशी माझा संबंध नाही. तरीही अकादमीने विज्ञानलेखनावर बोलायला सांगितले तेव्हा हाच विषय मी आपण होऊन निवडला. कारण त्यात भाषेचा एक प्रश्न दडलेला आहे आणि तो थेट माणसाच्या जिवाशी भिडतो.

प्रश्न असा. मराठीत शास्त्रीय संज्ञांची वाण नाही. आपल्या शेजारच्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० साली ‘दिग्दर्शन’ मासिक काढून मराठीत शास्त्रविषय आणले. १९६० साली महाराष्ट्रात भाषा संचालनालय स्थापन झाले आणि त्याने शाखाशाखांचे परिभाषा कोश केले. १९६६ पासून मराठी विज्ञान परिषद काम करते आहे. विश्वकोश आहे, महाराष्ट्राची पाठ्यपुस्तके आहेत. एन्झाइमला विकर, मेटाबॉलिझमला चयापचय, मायटोकॉन्ड्रियाला तंतुकणिका, असे सगळे शब्द तयार आहेत. पण हे शब्द घेऊन आपण सलग चार वाक्ये बोलत नाही. गोव्यात तर चौथीपर्यंत मराठी आणि पाचवीपासून इंग्रजी हा रुळलेला रस्ता. विज्ञान खऱ्या अर्थाने सुरू होते तेव्हा मराठी वर्गाबाहेर गेलेली असते. त्यामुळे संज्ञा कोशात राहते आणि वाक्य तयारच होत नाही. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे, की संज्ञेच्या जोडीला आपल्याला वाक्ये घडवावी लागतील आणि त्यासाठी लागणारी क्रियापदे आपल्या घरात पूर्वीपासून आहेत.

ती क्रियापदे आधी पाहू. लोखंड गंजते. तेल खवट होते. नीरो आंबतो. लाकूड जळते. कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते. पाच वेगवेगळी क्रियापदे, पाच वेगळे अनुभव. रसायनशास्त्र सांगते की या पाचही ठिकाणी मुळात एकच व्यवहार चालतो. एक पदार्थ इलेक्ट्रॉन देतो आणि दुसरा घेतो. देणाऱ्याचे ऑक्सिडीकरण झाले असे म्हणतात, घेणाऱ्याचे क्षपण झाले असे म्हणतात. दिले म्हणजे कोणीतरी घेतलेच पाहिजे, म्हणून या दोन क्रिया नेहमी जोडीने होतात. इंग्रजीत या जोडीला रेडॉक्स म्हणतात. आपल्याकडे ‘देवघेव’ हा शब्द आहेच.

आता विकर कुठे येते ते बघा. केळफूल चिरले की काही मिनिटांत काळे पडते. निरफणसाच्या फोडी काळ्या पडतात, वांगे काळे पडते. म्हणून आपल्या बायका चिरलेले केळफूल ताक घातलेल्या पाण्यात टाकतात. फळाच्या पेशींत एक विकर असते आणि ज्यांवर ते काम करते ती द्रव्येही असतात, पण दोघे वेगवेगळ्या कप्प्यांत. विळी फिरली की कप्पे फुटतात, विकर आणि द्रव्य एकत्र येतात, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि ऑक्सिडीकरण झपाट्याने होऊन काळा रंग तयार होतो. पाण्यात बुडवल्याने हवा तुटते आणि ताकाच्या आंबटपणाने विकर मंदावते. हा प्रयोग आपल्या प्रत्येक घरात होतो. शाळेत मात्र मुलांना त्याचे नाव ‘पॉलिफिनॉल ऑक्सिडेज’ असे फळ्यावर लिहून पाठ करायला मिळते आणि केळफूल घरीच राहते.

विकराचे काम एवढेच, की एरवी फार सावकाश होणारी क्रिया ते जलद घडवते आणि स्वतः शेवटी होते तसे राहते. विकर हे बहुधा प्रथिन असते. त्याच्या घडीत एक खोबण असते आणि तिच्यात बसेल त्याच द्रव्यावर ते काम करते. ‘वि’ आणि ‘कृ’ यांपासून आपण हा शब्द घडवला, म्हणजे बदल घडवणारे ते विकर. त्याच धातूपासून आलेला ‘विकार’ मात्र आजाराला लागला. हृदयविकार, मनोविकार. एका काना-मात्रेच्या अंतरावरचे हे शब्द आहेत आणि आज आपण विकराकडून विकाराकडे जाणार आहोत. मूळ ‘एन्झाइम’ हा शब्द तरी कुठे आकाशातून पडला? १८७७ साली जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म क्यूने यांनी तो ग्रीकवरून घडवला आणि त्याचा अर्थ ‘खमिरात असलेले’ एवढाच आहे. तो शब्दही आंबवण्याच्या पिंपातूनच वर आला आहे.

‘क्षपण’ या शब्दाविषयी थोडे बोलले पाहिजे, कारण तो विद्यार्थ्यांना अडवतो. क्षपण म्हणजे घट, ऱ्हास. मग इलेक्ट्रॉन मिळवणाऱ्याला, म्हणजे ज्याच्याकडे भर पडली त्याला, आपण क्षपण झाले असे का म्हणतो? याचे उत्तर याच तालुक्यात आहे. डिचोलीच्या खाणींतून निघणारे खनिज म्हणजे मुख्यतः लोखंडाचे ऑक्साइड. शुद्ध हेमॅटाइट १०० किलो घेतले तर त्यात सुमारे ७० किलो लोखंड आणि ३० किलो ऑक्सिजन असतो. इथल्या बहुतेक खनिजाचे लोखंड परमुलखात झाले, पण अमोण्यातल्या कारखान्याच्या झोतभट्टीत ते इथेही होते. कोकच्या साहाय्याने ऑक्सिजन काढून घेतला जातो, वजन घटते आणि धातू हाती येतो. इंग्रजी ‘रिडक्शन’च्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘मागे नेणे’ असा आहे, म्हणजे खनिजाला पुन्हा धातूपणाकडे नेणे. आपल्या संज्ञाकारांनी त्यातला घटीचा अर्थ उचलला, परतीचा सोडला. माझ्या मते परतीचा अर्थ अधिक उपयोगी होता. पण शब्द आता रूढ आहे, तो बदलण्याचा हट्ट नको. शिक्षकाने अमोण्याची भट्टी सांगितली की शब्द आपोआप सुटतो. आणि पावसाळ्यात घराच्या पागोळ्यांखाली ठेवलेले कोयते गंजते तेव्हा तोच व्यवहार उलटा चालतो, हेही सांगता येते.

आता काजूच्या भट्टीकडे जाऊ. पेडणे आणि डिचोलीत काजूचा हंगाम काय असतो ते तुम्हाला मी सांगायला नको. बोंडू तुडवून रस काढतात, तो नीरो दोन-तीन दिवस आंबतो, मग भाणात घालून ऊर्ध्वपातन करतात. पहिल्या धारेचा हुर्राक, पुन्हा काढलेली फेणी. काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हे अर्थकारण सगळ्यांना ठाऊक आहे. पण नीरो आंबतो म्हणजे नेमके काय होते?

खमिराची पेशी साखर फोडून ऊर्जा मिळवते. साखर फोडताना इलेक्ट्रॉन सुटतात आणि ते कोणीतरी उचलावे लागतात. हे काम एनएडी नावाचा एक लहान रेणू करतो. त्याला सहविकर म्हणतात. तुम्ही केरीहून तेरेखोलला फेरीबोटीने गेला असाल. एनएडी ही तशी फेरीबोट समजा, जिच्यात एका खेपेला दोनच इलेक्ट्रॉन बसतात. भरलेली बोट पलीकडे रिकामी झाली तरच परत येते. पेशीकडे बोटींची संख्या मर्यादित असते. सगळ्या बोटी भरून पलीकडे अडकल्या तर अलीकडची साखर फोडणे थांबते आणि पेशी उपाशी मरते. हवा असेल तर या बोटी अखेर ऑक्सिजनपाशी रिकाम्या होतात. आंबणाऱ्या पिंपात मात्र हवा नसल्यासारखीच असते. मग खमीर दुसरी सोय करते. साखरेपासूनच बनलेल्या अॅसिटाल्डिहाइड या द्रव्यावर ते आपले इलेक्ट्रॉन उतरवते आणि त्या द्रव्याचे क्षपण होऊन मद्यार्क तयार होतो. ही उतराई करून घेणाऱ्या विकराचे नाव अल्कोहोल डीहायड्रोजिनेज. खमिराला दारू गाळायची नसते. त्याला बोटी रिकाम्या करायच्या असतात. मद्यार्क हा त्या उतराईचा शेष आहे. पेशीविना, नुसत्या खमिराच्या अर्कानेही साखर आंबते, हे एडुआर्ड बुखनर यांनी १८९७ मध्ये दाखवले आणि १९०७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. विकरांचे आधुनिक शास्त्र तिथून उभे राहिले.

व्याकरणाच्या शिक्षकांसाठी एक सूचना. ‘डीहायड्रोजिनेज’ हे नाव भयंकर वाटते, पण तो समास आहे. ‘एज’ हा प्रत्यय म्हणजे विकर. ‘डीहायड्रोजिन’ म्हणजे हायड्रोजन काढून घेणे. ‘मद्यार्कातील हायड्रोजन काढून घेणारे ते’ असा विग्रह होतो. पंकज, जलद शिकवताना आपण उपपद तत्पुरुष शिकवतो ना, हे त्याच जातीचे नाव. विग्रह करता आला की नाव पाठ करावे लागत नाही.

या नावात एक गंमत आहे. खमिरात हे विकर मद्यार्क तयार करते, पण नाव मात्र मद्यार्क मोडणारे असे आहे. कारण विकर दोन्ही दिशांनी चालते. उलटी दिशा आपल्या यकृतात आहे. माणूस हुर्राक पितो तेव्हा यकृतातले त्याच नावाचे विकर मद्यार्कातून इलेक्ट्रॉन काढते आणि पुन्हा अॅसिटाल्डिहाइड बनवते. दुसरे विकर पुढे त्याचे अॅसिटेट करते. दोन्ही पायऱ्यांवर एनएडीच्या बोटी भरतात. ३० मिलिलिटर फेणीत साधारण १० ग्रॅम मद्यार्क असतो आणि यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच मोडू शकते. लिंबू, ताक, कॉफी, थंड पाण्याची अंघोळ यांनी हा वेग वाढत नाही, कारण विकरावर त्यांचा काही परिणाम नाही.

सतत पिणाऱ्याच्या यकृतात काय होते, तेही याच चित्रातून सांगता येते. मद्यार्काची गर्दी सगळ्या बोटी अडवून बसते. चरबी जाळायलाही रिकाम्या बोटी लागतात, त्या मिळत नाहीत. चरबी न जळता यकृतातच साचते. त्यालाच आपण ‘फॅटी लिव्हर’ म्हणतो. त्यात अॅसिटाल्डिहाइडचे विष प्रथिनांना चिकटत राहते. वर्षानुवर्षे हे चालले की यकृताचे मऊ पेशीजाल जाऊन तिथे वण पडतात, पोटात पाणी होते आणि मग गावात सांगतात की अमक्याला कावीळ झाली.

दुसरी गोष्ट याहून कमी माहीत आहे. दिवसभर काही न खाता राबलेला माणूस संध्याकाळी उपाशीपोटी भरपूर पितो. यकृतातली साठवलेली साखर संपलेली असते. अशा वेळी यकृत नवी साखर बनवते, पण त्यासाठीही रिकामा एनएडी लागतो. तो मद्याने अडवलेला असतो. रक्तातली साखर कोसळते. माणूस बरळतो, घामाघूम होतो, निपचित पडतो. बघणारे म्हणतात, झिंगलाय, झोपू दे. तो झिंगलेला असेलही, पण त्याचा मेंदू साखरेविना असू शकतो आणि सकाळपर्यंत थांबणे जिवावर बेतू शकते. ‘उठवून उठत नाही तर दवाखान्यात न्या’ हे वाक्य सगळेच सांगतात. पण ‘का’ हे समजले तर ते वाक्य पाळले जाते. म्हणून मी वाक्यांचा आग्रह धरतो.

याच विकराची सर्वांत क्रूर कथा मुंबईत घडली आहे. २००४ साली विक्रोळीत आणि २०१५ च्या जून महिन्यात मालाडच्या मालवणीत गावठी दारूच्या नावाने मिथेनॉल विकले गेले. मालवणीत शंभराहून अधिक माणसे गेली. वृत्तपत्रांनी ‘विषारी दारू’ म्हटले. ते खरे, पण अर्धे. मिथेनॉल हा मद्यार्काचाच धाकटा भाऊ. तो स्वतः फारसा घातक नाही. त्याचे विष आपल्या यकृतात बनते. तेच अल्कोहोल डीहायड्रोजिनेज मिथेनॉललाही खोबणीत घेते, त्याचे फॉर्माल्डिहाइड करते आणि पुढे फॉर्मिक आम्ल तयार होते. मुंगीच्या दंशात असते ते हे आम्ल. तंतुकणिकेच्या शेवटच्या टोकाला सायटोक्रोम ऑक्सिडेज नावाचे विकर असते. आपण श्वासाने घेतलेला बहुतेक सगळा ऑक्सिजन त्याच्यापाशी येतो, इलेक्ट्रॉन घेतो आणि त्याचे पाणी होते. सगळ्या बोटींचा तो अखेरचा धक्का. फॉर्मिक आम्ल नेमका तो धक्का बंद पाडते. डोळ्यामागच्या मज्जातंतूला ऊर्जेची निकड फार, म्हणून आधी दृष्टी जाते. पिऊन काही तास माणूस बरा असतो, दुसऱ्या दिवशी ‘समोर धुके दिसते’ म्हणतो. हा उशीर विकराच्या कामाला लागणारा वेळ आहे.

आणि उपचार? रुग्णालयात डॉक्टर मोजून साधा मद्यार्क देतात किंवा विकराला अडवणारे औषध देतात. विकराला मिथेनॉलपेक्षा साधा मद्यार्क अधिक आवडतो. त्याची खोबण मद्यार्काने भरलेली राहते, मिथेनॉल तसेच्या तसे राहते आणि डायलिसिसने बाहेर काढता येते. इथे एक इशारा दिलाच पाहिजे. याचा अर्थ घरी फेणी पाजा असा नाही. मात्रा मोजायची असते, रक्त तपासायचे असते, ते काम रुग्णालयाचेच. विज्ञान लिहिताना अर्धे वाक्य लिहिले तर ते असे अंगावर येते.

दारूच्या गोष्टींत दोष पिणाऱ्याचा किंवा विकणाऱ्याचा म्हणता येतो. आता जी गोष्ट सांगतो तिच्यात कोणाचाच दोष नाही.

ग्लुकोज-६-फॉस्फेट डीहायड्रोजिनेज, थोडक्यात जी-सिक्स-पीडी. विग्रह तुम्हाला आता करता येईल. हे विकर साखरेच्या एका रूपातून इलेक्ट्रॉन काढते आणि एनएडीच्या भावंडाला, एनएडीपीला, देते. तांबड्या रक्तपेशीत तंतुकणिका नसतात. तिथे स्वतःचे ऑक्सिडीकरणापासून रक्षण करण्याची सारी भिस्त याच विकरावर असते. पेशी लोखंड आणि ऑक्सिजन सोबत घेऊन दिवसरात्र फिरते, म्हणजे गंजण्याची सगळी सामग्री तिच्या पोटातच आहे. हे विकर कमी असले तरी एरवी माणूस ठणठणीत असतो. पण काही औषधांनी ऑक्सिडीकरणाचा ताण एकदम वाढला की पेशी फुटतात, लघवी गडद चहासारखी होते, डोळे पिवळे होतात, रक्त झपाट्याने उतरते.

ही कमतरता उघडकीला आली ती मलेरियाच्या औषधामुळे. प्रायमाक्वीन दिलेल्यांपैकी काहींचेच रक्त का फुटते, याचा शोध घेताना १९५६ साली अमेरिकेत पॉल कार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विकराची कमतरता दाखवली. ते प्रयोग इलिनॉयच्या तुरुंगातील कैद्यांवर झाले होते, हेही शास्त्राच्या इतिहासात नोंदवायला हवे. आज जगात ४० कोटींहून अधिक लोकांमध्ये ही कमतरता असल्याचे मानतात. हिचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने मुलग्यांत ती अधिक दिसते.

आणि हिच्या एका प्रकाराला मराठी मुलखाचे नाव आहे. १९८४ साली एका कोळी कुटुंबात आढळलेला प्रकार ‘जी-सिक्स-पीडी कल्याण’ या नावाने नोंदला गेला. पुढे जनुक तपासल्यावर हा आणि ‘केरळ’ नावाचा प्रकार एकच असल्याचे दिसले, म्हणून आता ‘केरळ-कल्याण’ म्हणतात. ५१५ अमिनो आम्लांच्या साखळीत ३१७ व्या जागी एकच अमिनो आम्ल बदललेले आहे. मुद्रितशोधन करणाऱ्या आपल्यासारख्यांना एका अक्षराची चूक काय करू शकते हे समजावे लागत नाही.

इथे भाषा थेट दवाखान्यात येते. व्हायवॅक्स जातीचा मलेरिया यकृतात दडून राहतो आणि पुन्हा उलटतो. तो मुळातून काढण्यासाठी आपल्या देशात १४ दिवस प्रायमाक्वीन देतात. ज्यांच्यात हे विकर कमी आहे त्यांना ते देताना जपावे लागते. गोळ्या घेताना लघवी गडद झाली तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांकडे यावे, ही सूचना प्रत्येक रुग्णाला कळेल अशा शब्दांत मिळायला हवी. ‘विकर-न्यूनताजन्य रक्तविघटन’ असे छापलेले पत्रक कोणी वाचत नाही. ‘या गोळीने काहींचे रक्त फुटते. लघवी काळ्या चहासारखी दिसली की गोळी बंद करा आणि त्याच दिवशी या’ हे वाक्य वाचले जाते. पहिल्यात सगळे शब्द शुद्ध आहेत, दुसऱ्यात मराठी आहे.

आणखी एक घरगुती गोष्ट. ट्रंकेत कपड्यांत ठेवतो त्या डांबरगोळ्या. नॅप्थलीनच्या त्या गोळ्यांचा वासही ही कमतरता असलेल्या तान्ह्या बाळाचे रक्त फोडू शकतो. बाळंतिणीसाठी ट्रंकेतली जुनी मऊ लुगडी, दुपटी काढण्याची आपल्याकडे मायेची पद्धत आहे. ती पद्धत राहू दे. कपडे डांबरगोळ्यांविना ठेवा, एवढे सांगायचे. बाळ एकाएकी पिवळे दिसले तर दाखवायला उशीर करू नका आणि ट्रंकेची गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा. आजीला हे तिच्या भाषेत कोणी सांगितले तर ती ऐकेल.

शेवटी लिहिणाऱ्यांसाठी तीन सावधगिरीच्या गोष्टी.

पहिली, उपमेविषयी. मी फेरीबोट वापरली. ती उपयोगी आहे, पण एनएडीच्या बोटीला नावाडी नाही, वेळापत्रक नाही आणि तिला कुठे जायचे हे ठाऊक नाही. रेणू धडकतात, बसतात, सुटतात. ‘विकराला आवडतो’ असे मी म्हणालो, ते बोलण्याच्या सोयीसाठी. उपमा कुठे संपते हे वाचकाला सांगणे हा लेखकाचा धर्म आहे.

दुसरी, खलनायक शोधण्याविषयी. ऑक्सिडीकरण वाईट आणि ‘अँटिऑक्सिडंट’ चांगले, असा एक बाजार उभा आहे. कोकमापासून कॉफीपर्यंत सगळ्यांवर ते लेबल लागते. पण आपल्या पांढऱ्या पेशी जंतूंना मारतात त्या मुद्दाम ऑक्सिडीकारक द्रव्ये तयार करूनच. त्या कामाचे विकर जन्मतः बिघडलेले असेल तर मूल वारंवार गंभीर जंतुसंसर्गाने आजारी पडते. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष १९९४ साली आले. बीटा-कॅरोटिन हे अँटिऑक्सिडंट गोळीतून घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी न होता वाढला होता. देवघेवीत देणारा चांगला आणि घेणारा वाईट असे नसते. कुठे, किती आणि कधी, हे बघावे लागते. कोकम मात्र आवडीने खा, चवीसाठी.

तिसरी, अभिमानाविषयी. आपल्याकडे जठराग्नी हा फार सुंदर शब्द आहे. अन्न शरीरात एका तऱ्हेने जळते, हे त्या कल्पनेने अचूक टिपले होते. पण म्हणून प्राचीनांना विकरे ठाऊक होती असे लिहू नये. जुन्या शब्दाने नव्या ज्ञानाला दार उघडून द्यावे, त्याने ज्ञानाची मालकी सांगू नये.

मित्रहो, आपण घरात बोलतो ती बोली कोकणी असेल, लिहितो ती मराठी आणि मुलांचे विज्ञान इंग्रजीत. हे तिन्ही थर आपल्या डोक्यात एकत्रच नांदतात आणि त्यात कमीपणा नाही. मुलाला ‘डीहायड्रोजिनेज’ इंग्रजीत लिहू दे. पण हुर्राक आंबताना काय होते हे त्याने घरी येऊन आजोबांना सांगितले पाहिजे आणि आजोबांनी त्यावर चार प्रश्न विचारले पाहिजेत. तेवढे झाले तर हे ज्ञान त्या घरात राहायला आले म्हणायचे.

म्हणून एक विनंती करतो. इथे पेडणे-डिचोलीच्या पन्नासेक शाळांचे शिक्षक बसले असतील. प्रत्येकाने या वर्षी शरीरातल्या एका विकरावर, आपल्या गावच्या वस्तू आणि क्रियापदे वापरून, दोन पानांचा मराठी मजकूर लिहावा. तो विज्ञानाच्या शिक्षकाकडून तपासून घ्यावा आणि एकदा जवळच्या आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेला वाचून दाखवावा. तिला जिथे अडखळायला होईल तिथे वाक्य बदलावे. विज्ञानशिक्षक मजकुराचा खरेपणा पाहील, परिचारिका त्याचा उपयोग पाहील. भाषा आपण पाहायची. हे मजकूर जमले तर अकादमीने ते एकत्र करून शाळा आणि आरोग्य केंद्रे यांना द्यावेत, असे मी अध्यक्षांना सुचवतो.

आता प्रश्न विचारा. रसायनाचे प्रश्न असतील तर उत्तरे द्यायला पहिल्या रांगेत आमच्या महाविद्यालयाचे रसायनशास्त्राचे सहकारी बसले आहेत. भाषेचे माझ्याकडे द्या.